लिहिता येत नसल्याबाबतचा अर्ज

नऊ वर्षांची एक विद्यार्थिनी एका तासात सरासरी अकरा वेळा जागेवरून उठते, ही बाब शाळेच्या निदर्शनास आली आणि शाळेने तिची गंभीर दखल घेतली. म्हणजे असं, की वर्गशिक्षिकेने आठवडाभर एका वहीत उठण्याच्या खुणा केल्या, बेरीज केली, सरासरी काढली, मुख्याध्यापिकांनी त्याखाली सही केली आणि पत्र पालकांच्या घरी गेलं. मुलगी का उठते, हे लिहायला त्या वहीत रकाना नव्हता. रकाना नसला की प्रश्नही नसतो. हे मी अधिकाराने सांगू शकते, कारण मी बालमानसतज्ज्ञ आहे आणि माझी निम्मी विद्या रकान्यांचीच आहे.

पत्रात पुढे लेखन ‘असमाधानकारक’ आणि वाचन ‘निरंक’ असा शेरा होता. शेवटी, वार्षिक परीक्षेतही हीच स्थिती राहिल्यास मुलीसाठी ‘अधिक योग्य अशी अन्य संस्था’ शोधण्याचं स्वातंत्र्य पालकांना देण्यात आलं होतं. शाळेतून काढू, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. शाळा सुसंस्कृत होती.

ते पत्र घेऊन आईवडील माझ्या दवाखान्यात आले. बाहेरच्या खोलीत लहान मुलांसाठी लाकडी खेळण्यांचं एक कपाट आहे. त्यावर ‘खेळण्यांना हात लावू नये’ अशी पाटी आहे. ती काढायची असं मी गेली सहा वर्षं म्हणते आहे.

वडील वजनमापे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू खरे की खोटे हे तपासायचं त्यांचं काम. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “मॅडम, मुलीत नेमका किती फरक आहे? टक्क्यांत सांगा. आमच्याकडे थोडाफार फरक चालवून घेतात. त्यावर गेला की सील.”

“अहो, मुलगी आहे ती,” आई म्हणाली.

“म्हणूनच विचारतोय ना. तराजू असता तर मीच बघितला असता.”

आई एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. पदराशी चाळा करत, कुणाचा तरी गुन्हा कबूल करावा तसं ती म्हणाली, “मी दिवसभर हजारो पुस्तकांत असते हो. लोक येऊन मला विचारतात, मुलांना वाचनाची गोडी कशी लावायची. मी सांगतेही. आणि घरी हिला चार ओळी वाचायला बसवलं की आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी.”

मुलीला घरी भिंगरी म्हणत. पूर्वी कौतुकाने म्हणत, आता तक्रार म्हणून म्हणत. शब्द बदलायची गरज पडली नव्हती.

मी आईवडिलांना एकाग्रतेच्या अभावाविषयी चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. अशी मुलं एका जागी बसू शकत नाहीत, हातातलं काम पूर्ण करत नाहीत, वगैरे. ते दोघे माना डोलवत होते. बोलणं संपल्यावर लक्षात आलं, की भिंगरी माझ्या टेबलाखाली आहे. माझ्या टेबलाचा खालचा खण दोन वर्षं अडकलेला होता. तिने तो पट्टीने आणि माझ्या केसांच्या पिनेने मोकळा केला होता, आतली चाकं पुसून पुन्हा बसवली होती आणि आता तो खण ती आतबाहेर करून बघत होती.

“किती वेळ करत होतीस गं हे?” मी विचारलं.

“तुमचं बोलणं सुरू झाल्यापासून.”

म्हणजे चाळीस मिनिटं. एका जागी. काम पूर्ण. मी माझ्या कागदावर लिहिलं : ‘परवानगीशिवाय वस्तू हाताळते.’

तीन दिवस चाचण्या घेतल्या. मुलगी हुशार निघाली, अगदी नको तितकी. चित्रांची कोडी तिने माझ्याआधी सोडवली. पण अक्षर समोर आलं की तिचा चेहरा बंद व्हायचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, सगळे तिला एकाच कुटुंबातले वाटत. ओळ धरून चालताना ती मधेच खालच्या ओळीत पडत असे. मग ती उठत असे. मी मोजलं नाही, पण एक गोष्ट बघितली. वाचायचा कागद समोर आला की ती उठे, कागद काढून घेतला की बसे.

मी पालकांना बोलावून सांगितलं, “हिची बुद्धी उत्तम आहे. फक्त अक्षरं तिच्यासाठी एका जागी बसत नाहीत.”

वडील विचारात पडले. “म्हणजे अक्षरंही जागेवरून उठतात आणि हीही उठते.”

“तसं म्हणू शकता.”

“मग पत्र हिच्याच नावाने का?”

त्या पूर्ण प्रकरणात कुणी विचारलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न होता, आणि त्यांनी तो पुन्हा कधी विचारला नाही.

मी प्रमाणपत्र दिलं. त्यात शिफारस केली, की हिला प्रश्नपत्रिका वाचून दाखवावी, उत्तरं तोंडी घ्यावीत आणि मधून उठून चालू द्यावं. मुख्याध्यापिकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, चष्म्याच्या वरून आणि खालून वाचलं.

“आमच्या शाळेत प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष दिलं जातं,” त्या म्हणाल्या. “त्यामुळे एकालाच वेगळं लक्ष देता येत नाही. सवलत मंडळाचा आदेश आणा. आदेश आला की मी स्वतः तिला हाताला धरून फिरवीन.”

सवलत मंडळाचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. पायऱ्या चढायला ज्यांना त्रास होतो त्यांच्या सवलतीचा विभाग चौथ्या मजल्यावर, म्हणजे आम्ही सुखीच होतो. खिडकीतून आईला आठ पानांचा अर्ज मिळाला. त्याचं नाव ‘नमुना सात : लेखन-वाचनाची अडचण असल्याबाबत’. पहिल्याच पानावर ठळक सूचना होती. अर्ज विद्यार्थ्याने स्वहस्ताक्षरात, सुवाच्य, खाडाखोड न करता भरावा.

आईला वाटलं छपाईची चूक असेल. ती पुन्हा खिडकीशी गेली. खिडकीने सांगितलं, चूक नाही. पूर्वी पालक अर्ज भरत, त्यात खोटेपणा होई. मुलांना लिहिता येत असूनही येत नाही असं पालक लिहून देत. आता ज्याला लिहिता येत नाही त्याने स्वतः तसं लिहून द्यायचं. पारदर्शकता आली.

भिंगरीने दोन दिवस बसून, म्हणजे उठून, अर्ज भरला. पहिल्या वाक्यात लिहायचं होतं : ‘मला लिहिण्या-वाचण्यात अडचण आहे, सबब मला सवलत मिळावी ही नम्र विनंती.’ तिच्या हातून जे उतरलं ते वाचून मला, तज्ज्ञ म्हणून, समाधान वाटलं. इतका स्पष्ट पुरावा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. सबबचं बबस झालं होतं आणि विनंती खालच्या ओळीत घसरून तिसऱ्या पानावर उगवली होती.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ‘अर्ज अवाच्य असल्याने विचारात घेता येत नाही.’

मी स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेले. पडताळणी अधिकारी हा एक सौम्य, नीटनेटका गृहस्थ होता. टेबलावर तीन रंगांची शाई, टाचण्या एकाच दिशेला तोंड करून ठेवलेल्या.

“साहेब, अर्ज अवाच्य आहे हाच तर पुरावा आहे,” मी म्हणाले.

“पुरावा वेगळा जोडायचा असतो, मॅडम. प्रपत्र ब. अर्ज हा अर्ज आहे.”

“पण जिला लिहिता येत नाही ती अर्ज कसा लिहिणार?”

“प्रयत्नाने,” ते हसून म्हणाले. “मुलांकडून अपेक्षा ठेवल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. तुमच्याच एका लेखात वाचलं होतं मी.”

माझाच लेख होता.

परीक्षेला चार महिने उरले होते. वडिलांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की नमुना सात भरायला शिकवणारे एक सर आहेत. लोक त्यांना अर्जवाले सर म्हणत. मंडळातून निवृत्त झाले होते. स्वहस्ताक्षराची ती सूचना त्यांच्याच काळात छापली गेली होती. सकाळची तुकडी, दुपारची तुकडी, दोन्ही भरलेल्या. खोलीत वीस मुलं, ज्यांना लिहिता येत नव्हतं अशी, ‘मला लिहिता येत नाही’ हे वळणदार अक्षरात गिरवत बसलेली.

मी पालकांना म्हटलं, हे साफ चूक आहे. वडील म्हणाले, मग दुसरा मार्ग सांगा. मी बराच वेळ विचार करून म्हटलं, मुलीवर ताण येऊ देऊ नका. आमच्या व्यवसायात यालाच मार्गदर्शन म्हणतात.

अर्जवाल्या सरांकडे भिंगरी चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी सरांनी निरोप पाठवला, की ही उठते. मग आईने जे केलं ते कुणीच तिला सांगितलं नव्हतं. वाचनालयाला सुट्टी होती त्या दिवशी तिने किल्ली घेतली, वाचन कक्षातली टेबलं कडेला ओढली आणि खडूने फरशीवर ‘भ’ काढला. खाटेएवढा.

“यावरून चाल,” ती लेकीला म्हणाली. “बसायचं नाहीये ना तुला? मग नको बसू.”

भिंगरी चालली. दोनदा चालली, तिसऱ्यांदा पळाली. मग शेजारी काढलेल्या ‘म’वरून चालली आणि थबकली. “आई, ‘भ’चं छप्पर उडालंय बघ इथे. ‘म’चं घर शाबूत आहे.”

“काय?”

“वरची रेघ गं! इथे तुटलीय. मला कुणी सांगितलंच नाही.”

नऊ वर्षांच्या मुलीला पाच वर्षं ती रेघ तुटलेली आहे हे आम्ही सगळे सांगतच होतो. पण ते सांगताना ती बसलेली होती.

पुढचे सात आठवडे, वाचनालय बंद असेल तेव्हा, मायलेकी फरशीवर अर्ज चालल्या. एक वाक्य खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ‘सबब’वर गिरकी. ‘नम्र’चा ‘म्र’ लंगडी घालत. चालून पाठ झालं की कागदावर. मी एकदा बघायला गेले तेव्हा मुलगी ‘विनंती’च्या वेलांटीवरून घसरत होती आणि ग्रंथपाल बाई, ज्या वाचनालयात कुणाला खोकू देत नाहीत, टाळ्या पिटत होत्या.

आणि एका सकाळी भिंगरीने आठ पानं, एकही खाडाखोड न करता, स्वहस्ताक्षरात भरली.

घरात काय आनंद झाला म्हणून सांगू! वडिलांनी पानं उजेडासमोर धरून ओळी सरळ आहेत का ते पट्टीने तपासलं, आणि मग पट्टी बाजूला ठेवून लेकीला उचललं. भिंगरी तो अर्ज घेऊन खालच्या मजल्यावरच्या आजींकडे गेली, रखवालदाराकडे गेली, माझ्याकडे आली. “काकू, बघा. मी लिहिलंय.” मी वाचलं. टपोऱ्या, डौलदार अक्षरात लिहिलं होतं, की मला लिहिता येत नाही. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं शुद्ध लेखन होतं.

मंडळाने या वेळी आठच दिवसांत उत्तर दिलं. ‘अर्जदाराचे हस्ताक्षर वळणदार आढळून आले. सबब अडचण सिद्ध होत नाही.’ सोबत माझ्या नावाने दुसरं पत्र होतं. इतकं सुंदर लिहिणाऱ्या मुलीला लिहिता येत नसल्याचं प्रमाणपत्र मी कशाच्या आधारे दिलं, याची कारणं दाखवावीत. अन्यथा माझी सर्वच प्रमाणपत्रं तपासण्यात येतील.

पालकांनी व्यवस्थेपुढे न डगमगता मुलाच्या पाठीशी उभं राहावं, असं मी नेहमी सांगते. पत्र वाचून माझं धाबं दणाणलं.

आम्ही तिघे पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. अधिकारी सौम्यच होते. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले, एक कागदी चिखल आणि एक मोत्यांची माळ.

“टोकाला जाऊ नये,” ते म्हणाले. “पहिला वाचता येत नाही, दुसरा फारच वाचता येतो. मंडळाला हवं ते मधलं. वाचता येईल इतपत वाईट.”

“म्हणजे किती?” वडिलांनी खुर्ची पुढे ओढली.

अधिकाऱ्यांनी आवाज खाली आणला. “पानी पाच ते आठ चुका. पाचाच्या खाली निष्काळजीपणा समजतात, आठाच्या वर अवाच्य.”

वडिलांचा चेहरा इतक्या महिन्यांनी उजळला. “अहो, मग आधी सांगायचं ना! मर्यादा ठरलेली असली की प्रश्नच नाही.”

“आणि या वेळी समोर बसून लिहावं लागेल. समितीपुढे. दोन अर्जांत इतकी तफावत म्हणजे नियमाने सुनावणी येते.”

परत येताना वडील बोटांवर मोजत होते. “आठ पानं, पानी सहा धरल्या तर अठ्ठेचाळीस. मॅडम, कुठल्या चुका खऱ्या वाटतील ते तुम्हीच सांगा. यातल्या तुम्ही तज्ज्ञ.”

मी त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या पिशवीत कारणे दाखवा पत्र होतं. मी घरी जाऊन अठ्ठेचाळीस चुकांची यादी केली. पान, ओळ, शब्द. शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष यादी. पंचवीस वर्षांचा अनुभव मी त्यात ओतला होता. इतकं मन लावून मी बरोबर काहीच लिहिलं नव्हतं.

यादी घेऊन आम्ही भिंगरीसमोर बसलो. वडिलांनी प्रेमाने समजावलं, “हे बघ बाळा, इथे ‘भ’ येतो ना, तिथे तू ‘म’ लिहायचा. पूर्वी लिहायचीस तसा.”

“पण तो ‘भ’ आहे.”

“हो, आहे. पण चुकायचं.”

“का?”

“चुकलीस तर पास होशील,” मी म्हणाले, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर ऐकलं.

भिंगरी उठली. खोलीभर एक चक्कर मारून परत आली. “आधी चुकलं की ओरडायचात. आता बरोबर आलं की तोंडं पाडून बसता. एकदा काय ते ठरवा ना तुम्ही सगळे!”

आईने मान वळवली. वडील म्हणाले, “मोठ्यांशी असं बोलतात?” उत्तर नसलं की आम्ही हाच प्रश्न विचारतो.

सुनावणीच्या दिवशी समितीचे तीन सदस्य लांब टेबलामागे बसले होते. मधे आमचे अधिकारी. समोर एक छोटी खुर्ची, वही, पेन. भिंतीवर मोठी पाटी होती. मुलीच्या मागे बाकावर आम्ही तिघे, वडिलांच्या बोटांत यादीची घडी.

भिंगरीने वरून खाली एकदा कागद बघितला. मग बसली. पायाने खुर्चीखाली फरशीवर ती काहीतरी रेखत होती. मला ते दिसत होतं, समितीला नाही. आधी पाऊल गिरकी घेई, मग पेन चाले. पहिलं पान झालं. एकही चूक नाही. दुसरं. वडिलांनी खोकून बघितलं. तिने मागे पाहिलंच नाही. आठवं पान झालं, तिने पेन ठेवलं आणि समितीकडे बघून हसली. असं हसू मी दवाखान्यात कधीच बघितलं नव्हतं; तिथे येणाऱ्या मुलांना हसायला कारण मिळत नाही.

समितीतल्या एक बाई, बहुधा नवीन असाव्यात, म्हणाल्या, “छान लिहितेस गं. ती भिंतीवरची पाटी वाच बरं.”

पाटीवर दोन शब्द होते. शांतता राखा. भिंगरी उठून पाटीजवळ गेली. मान तिरकी केली, डोळे बारीक केले. हसू हळूहळू पुसलं गेलं. “हे मी चाललेली नाही,” ती म्हणाली.

खोलीत पाटीत सांगितलं होतं तसंच झालं.

त्या बाई अधिकाऱ्यांकडे वळल्या. “हिला वाचता येत नाहीये.”

“पाटी नमुन्यात नाही, मॅडम,” अधिकारी हळुवारपणे म्हणाले. “नमुन्याबाहेरचं आपल्याला बघता येत नाही.”

मी उभी राहिले. काहीतरी बोलायला म्हणून उभी राहिले होते. तेव्हा अधिकारी म्हणाले, “आणि मॅडम, आपल्या प्रमाणपत्राविषयी. मुलीने केलेली प्रगती ही आपल्या उपचारांमुळे आहे असं धरलं, तर कारणे दाखवा मागे घेता येईल.”

मी बसले.

जिन्यावर भिंगरीने माझा हात धरला. “काकू, तुम्ही दिलेल्या चुका मी केल्या नाहीत. रागावलात?”

“छे गं.”

“मग तुमचं तोंड बाबांसारखं का झालंय?”

आदेश आला. सवलत नामंजूर, मुलीचं अभिनंदन. शाळेने तिचा फोटो दर्शनी फलकावर लावला, खाली ओळ : ‘जिद्द असेल तर सवलत लागत नाही!’ भिंगरीने फोटो ओळखला. खाली काय लिहिलंय ते रखवालदाराला विचारलं. आणि त्या दिवसापासून वर्गात तिची खरी परवड सुरू झाली. आधी तिला येत नव्हतं. आता तिला येत असून ती करत नव्हती. इतिहासाच्या वहीत चूक झाली, की अर्जाची आठवण करून दिली जाई. “तिथे बरं लिहिता आलं? मंडळापुढे? मग इथेच काय होतं?” अडाणीपणावर शाळेत दया असते, आळसावर नसते. वडीलही म्हणू लागले, “बसलीस की करतेस, हे आता सिद्ध झालंय.”

एके दिवशी घरी येऊन तिने तो अर्ज, म्हणजे आईने जपून ठेवलेली प्रत, फाडून टाकला. आठही पानं. आईने तुकडे गोळा केले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकांकडे न जाता थेट वर्गशिक्षिकेकडे गेली.

वर्गशिक्षिका म्हणजे ज्यांनी अकरा वेळा उठणं मोजलं होतं त्याच. बावन्न मुलं, एक खडू, घसा बसलेला. आईने त्यांना प्रमाणपत्र दाखवलं नाही, आदेश दाखवला नाही. एवढंच म्हणाली, “बाई, तिला वाचता येत नाही, तेव्हा ती उठते. तुम्ही मोजलं होतंत ना? तेव्हा फळ्यावर काय असायचं ते आठवा.”

शिक्षिकेने हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, “मला पंधरा वर्षांत कुणी हे सांगितलं नाही. मोजायला तेवढं सांगितलं.”

परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिकेची छपाई फिकट असल्याचं त्या शिक्षिकेच्या लक्षात आलं. बाकीच्या चार तुकड्यांत ती फिकट नव्हती. त्यामुळे त्यांनी प्रत्येक प्रश्न बावन्न मुलांना मोठ्याने, दोन दोनदा वाचून दाखवला. खिडकी नीट लागत नसल्यामुळे एका मुलीला ती धरून उभं राहायला सांगितलं, आणि कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला हरकत घेतली नाही. भिंगरीने लिहिलं, नदीवर घरण बांधतात. पूर्वी याला भोपळा मिळाला असता. शिक्षिकेने विचार केला, की पाणी घराने अडत नाही, तेव्हा मुलीला काय म्हणायचंय हे उघड आहे. पूर्ण गुण.

भिंगरी पास झाली. फार नाही, पण झाली. त्या वर्गातली आणखी सात मुलंही पास झाली, ज्यांच्याविषयी कुणाला काही ठाऊक नव्हतं. शिक्षिकेला ‘परीक्षा कक्षात मोठ्याने वाचन करून शांततेचा भंग केल्याबाबत’ मेमो मिळाला आणि पुढच्या वर्षीपासून त्यांना वर्ग न देता हजेरीपत्रकांचं काम देण्यात आलं. फरशीवर खडूने लिहिल्याबद्दल वाचनालयाच्या समितीने आईकडून खुलासा मागवला. तिने तो दिला आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा टेबलं ओढली. आता तिथे सातआठ मुलं येतात. वडील येऊन अक्षरांची उंची सारखी आहे का बघतात. पण पट्टी घरी ठेवून येतात, असं भिंगरी म्हणाली.

आणि मी? माझं छानच झालं. मंडळाने माझ्या उपचारांची नोंद घेतल्यामुळे मला व्याख्यानांना बोलावतात. विषय : ‘पदसंवेदी अक्षरपद्धती’. नाव मीच दिलंय. मी फरशीचं सांगते, तुटलेल्या रेघेचं सांगते, अर्जाचं सांगते, तिसऱ्या मजल्याचं सांगताना सभागृह हसून लोटपोट होतं. यादीचं सांगत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही समोर नाही.

व्याख्यान संपलं की पालक भेटायला येतात. डोळे ओले असतात. आजवर किती आले मोजलं नाही, पण प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो : “मॅडम, हे आमच्या शेजारच्यांनी ऐकायला हवं होतं हो. त्यांच्या घरी अगदी असंच चालतं.” शेजारचेही येतात. तेही हेच सांगतात. या शहरात असा एकही पालक मला अजून भेटलेला नाही, जो म्हणाला, की मॅडम, हे आमचंच आहे.

तुम्हीही आत्ता, ही गोष्ट कुणाला वाचायला द्यावी, याचाच विचार करत असाल. जरूर द्या. पण मघाशी वाचता वाचता मान वर न करता ज्याला ‘थांब रे जरा’ म्हणालात, ते लेकरू अजून तिथेच उभं आहे का, तेवढं आधी बघा. बहुतेक गेलं असेल. आणि गेलंच असेल, तर शांत बसायला शिकलं म्हणून त्याचं कौतुक करायला विसरू नका.